जुन्या ऑफिस पीसींवर लिनक्स गेमिंग: डेब, फ्लॅटपॅक की स्नॅप? (सोलापूर, १० मशिन)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला १० मशिनचा छोटा गेमिंग कट्टा उभा राहतोय. मशिन सगळी एकाच लॉटमधली, ऑफिसातून निघालेली: आय-५ ६५००, ८ जीबी रॅम (एकच स्टिक), २४० जीबी एसएसडी. सहा मशिनमध्ये जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, उरलेल्या चारमध्ये जीटी ७१०. सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून लिनक्स मिंट २२ (उबुंटूवर बांधलेली लिनक्सची एक आवृत्ती, म्हणजे डिस्ट्रो) टाकायचं जवळजवळ ठरलंय.

अडलंय ते पुढे. स्टीम (वाल्व्ह कंपनीचं गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) कुठून घ्यायचं? रेपोतलं (मिंटच्या स्वतःच्या पॅकेज-भांडारातलं), वाल्व्हच्या साइटवरचं डेब (सिस्टिममध्ये थेट बसणारं पॅकेज) की फ्लॅटपॅक (आपल्या लायब्रऱ्यांसकट बंदिस्त चालणारं पॅकेज)? बाकीची ॲप कशातून? पोरं व्हॅलोरंट, जीटीए आणि काउंटर स्ट्राइक मागणार, त्यातलं काय चालेल? लाइन १०० एमबीपीएसची एकच आहे.

(कमांड देवनागरीतच लिहा, धाग्याचा नियम आहे. टाइप करताना आम्ही रोमनमध्ये करून घेऊ.)

टर्मिनल_अण्णा

मालक, क्रम उलटा करा. आधी गेम, मग कार्ड, मग पॅकेज. पॅकेजवर लोक रात्रभर भांडतात आणि सकाळी कळतं की हवा तो गेम लिनक्सवर सुरूच होत नाही.

व्हॅलोरंट नाही. व्हॅनगार्ड (त्याचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसतं, प्रोटॉनमध्ये (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा स्टीमचा थर) त्याला जागाच नाही. लीग ऑफ लेजंड्स २०२४ पर्यंत वाइनवर (प्रोटॉनचा पाया असलेलं सॉफ्टवेअर) चालायचं, व्हॅनगार्ड आल्यावर तेही गेलं. फोर्टनाइट नाही, पबजी बॅटलग्राउंड्स नाही. एपेक्स लेजंड्स चालत होतं, पण ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीनेच लिनक्सला दार बंद केलं. जीटीए ५ ची स्टोरी चालते. ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय (हेही अँटी-चीटच) आल्यापासून चालत नाही. इथे एक गोष्ट समजून घ्या: बॅटलआय आणि इझी अँटी-चीट दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेम बनवणाऱ्याने परवानगी द्यावी लागते. तो देत नसेल तर तुम्ही उबुंटू टाका, आर्च टाका नाहीतर आणखी काही, काहीही फरक पडत नाही.

काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर थेट चालतात, प्रोटॉनची गरजच नाही. पाटीवर आधी हीच दोन नावं लिहा. व्हॅलोरंटसाठी येणाऱ्याला दारातच सांगून टाका, आत बसल्यावर वाद नको.

आता पॅकेज. माझा हिशोब एकच असतो: ते पॅकेज बांधतं कोण? मूळ गेमवाला किंवा ॲपवाला स्वतः बांधत असेल, तर त्याने ज्या स्वरूपात दिलंय त्यातच घ्यायचं.

स्टीम: वाल्व्ह स्वतः डेब देते. फ्लॅटहबवरचं (फ्लॅटपॅकचं ऑनलाइन भांडार) स्टीम समुदायाने बांधलेलं आहे, स्नॅप (उबुंटूचं फ्लॅटपॅकसारखं बंदिस्त पॅकेज) उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीने बांधलेलं. म्हणून डेब.
ओबीएस (स्क्रीन रेकॉर्डिंगचं ॲप): त्यांचं स्वतःचं फ्लॅटपॅक आहे. म्हणून फ्लॅटपॅक.
बॉटल्स (विंडोजची ॲप वाइनमधून चालवायला): बनवणारे फक्त फ्लॅटपॅकलाच सपोर्ट देतात. रेपोतलं घेऊन त्यांच्याकडे तक्रार नेली तर पहिलं उत्तर तेच मिळतं.
हिरोइक (एपिक आणि गॉगच्या गेमसाठी): डेब, ॲपइमेज, फ्लॅटपॅक तिन्ही देतात. मिंटवर फ्लॅटपॅक बरं.
ड्रायव्हर आणि कर्नल: फक्त डिस्ट्रोच्या रेपोतून. एनव्हिडियाच्या साइटवरची रन फाइल हातही लावू नका. पुढचं कर्नल अपडेट आलं की स्क्रीन काळी.

‘डेब जुनं पडतं’ हे स्टीमला लागू नाही. डेबमध्ये असतो फक्त सुरुवातीचा लाँचर. पहिल्यांदा उघडलं की खरा क्लायंट होम फोल्डरमध्ये उतरतो आणि पुढे स्वतःचं स्वतः अपडेट करतो. गेमसुद्धा स्टीमच्या स्वतःच्या रनटाइम कंटेनरमध्ये चालतात, त्यामुळे मिंटच्या लायब्रऱ्या जुन्या की नव्या याने फारसं बिघडत नाही. यजमान सिस्टिमकडून (म्हणजे मशिनवरच्या मिंटकडून) लागतो तो ग्राफिक्स ड्रायव्हर. गेम अडकला की नव्वद टक्के वेळा तिथेच बघायचं.

पूर्वभाग_पीसी

अण्णांच्या दुसऱ्या मुद्द्यावरून, कार्डाचं.

जीटी ७१० काढून ठेवा. होय की, काढूनच ठेवा. ते केपलर पिढीचं आहे, एनव्हिडियाचा ४७० हा त्याचा शेवटचा ड्रायव्हर आणि त्यात व्हल्कन (गेमने ग्राफिक्स कार्डशी बोलायची भाषा) १.२ पर्यंतच मिळतं. प्रोटॉनमध्ये डायरेक्टएक्स ९, १०, ११ चं भाषांतर डीएक्सव्हीके करतं आणि डीएक्सव्हीके २.० पासून (नोव्हेंबर २०२२) व्हल्कन १.३ लागतं. म्हणजे जीटी ७१० वर प्रोटॉन ७ च्या पुढे गेलात की गेम क्लिक केल्यावर क्षणभर ‘रनिंग’ दिसतं आणि गपकन बंद. एरर नाही, काही नाही. पोरगं म्हणणार मशिन खराब.

त्याच मशिनमधल्या आय-५ ६५०० च्या पोटात इंटेल एचडी ५३० आहे. त्याला मेसाच्या (लिनक्सबरोबरच येणारा खुला ड्रायव्हर-संच) ड्रायव्हरमधून व्हल्कन १.३ मिळतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. वेगात जीटी ७१० त्याच्या फार पुढे नाहीच. कार्ड काढा, मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावा, बायोसमध्ये इंटर्नल ग्राफिक्स चालू करा.

पण मग रॅमचं बघावं लागतं. इनबिल्ट ग्राफिक्स सिस्टिमची रॅम वापरतं आणि एका स्टिकवर रुंदी अर्धीच मिळते. ८ ची एक स्टिक असेल तर तशीच दुसरी टाकून १६ करा, नाहीतर निदान ४-४ च्या दोन. बोर्ड डीडीआर-४ चा आहे की डीडीआर-३ एल चा ते आधी खोलून बघा. सहाव्या पिढीत दोन्ही प्रकारचे बोर्ड निघालेत आणि ऑफिसच्या लॉटमध्ये सरमिसळ असते.

तपासायचं कसं: सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हल्कन-टूल्स, मग व्हल्कनइन्फो --समरी. डिव्हाइसच्या नावात ‘एलएलव्हीएमपाइप’ एवढंच दिसलं तर ड्रायव्हर बसलेला नाही, सगळं प्रोसेसरवर चाललंय. तिथेच एपीआय व्हर्जन दिसतं, ते १.३ किंवा वर हवं.

१०५० टीआय पास्कल पिढीचं, व्हल्कन १.३ व्यवस्थित. मात्र एनव्हिडियाचा ५८० हा या पिढीचा शेवटचा ड्रायव्हर गट आहे. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० निवडा आणि तिथेच राहा. मिंट-उबुंटूमध्ये प्रत्येक गटाचं पॅकेज वेगळं असतं, आपोआप ५९० वर उडी बसत नाही. आर्चवर मुख्य पॅकेज डिसेंबर २०२५ मध्ये ५९० वर गेलं आणि अशा कार्डवाल्यांना जुना गट हाताने टाकावा लागला. कट्ट्यावर आर्च नको म्हणायला एवढं कारण पुरे.

सँडबॉक्स_अक्का

अण्णा, ‘बांधतं कोण’ हे मान्य. पण डेबलाच आंधळं मत देऊ नका. सोलापुरात लाइट जाते, हे धाग्यात कुणी धरलंच नाही.

ॲप्ट अपग्रेड (डेब पॅकेजचं अपडेट) चालू असताना लाइट गेली तर डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा भाग) अर्ध्यावर अडकतं. मशिन पुन्हा सुरू केल्यावर सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, मग सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल. बहुतेक वेळा सुटतं. पण अपग्रेडमध्ये कर्नल आणि एनव्हिडिया असेल तर डेस्कटॉपच येत नाही आणि हे सगळं काळ्या टर्मिनलवर बसून करावं लागतं. फ्लॅटपॅकमध्ये नवीन आवृत्ती पूर्ण उतरल्याशिवाय जुनी हलत नाही. मध्येच लाइट गेली तरी जुनं ॲप चालू राहतं, फार तर फ्लॅटपॅक रिपेअर चालवायचं. म्हणून सिस्टिममध्ये ॲप्टचा भाग जितका कमी तितकं बरं, आणि ॲप्ट अपग्रेड यूपीएसवर असतानाच.

फ्लॅटपॅकमधलं स्टीमही वाईट नाही, तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, एनव्हिडिया. फ्लॅटपॅक यजमानाचा ड्रायव्हर सरळ वापरत नाही, त्याच आवृत्तीचा जीएल (ग्राफिक्सचा) भाग स्वतःकडे उतरवतं. ॲप्टने ड्रायव्हर ५८० च्या एका उप-आवृत्तीवरून दुसरीवर नेला आणि तुम्ही लगेच फ्लॅटपॅक अपडेट केलं नाही, तर दोघांचं जुळत नाही: गेम उघडत नाही किंवा स्लाइड-शो. इंटेल-एएमडीवर ही कटकट नाही, मेसा रनटाइमबरोबरच येतं.

दुसरी, दुसऱ्या डिस्कवरची लायब्ररी. सँडबॉक्सला (फ्लॅटपॅकच्या बंदिस्त जागेला) ती दिसतच नाही, स्टीममध्ये ‘ॲड ड्राइव्ह’ करून काही होत नाही. परवानगी द्यावी लागते: फ्लॅटपॅक ओव्हरराइड --युजर --फाइलसिस्टम=/एमएनटी/गेम्स कॉम.वाल्व्हसॉफ्टवेअर.स्टीम. टर्मिनल नको असेल तर फ्लॅटसील (परवानग्या बदलायचं ॲप).

तिसरी, कंट्रोलर. यूडेव्हचे (लिनक्सचा उपकरणं ओळखणारा भाग) नियम फ्लॅटपॅक स्वतः टाकू शकत नाही. यजमानावर स्टीम-डिव्हाइसेस हे पॅकेज टाका.

आणि मिंट २२ च्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीमचं फ्लॅटपॅक शोधून सापडत नाही म्हणून डोकं धरू नका. खातरजमा न झालेली फ्लॅटपॅक तिथे मुळातच लपवलेली असतात, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन चालू करावी लागतात.

शेंगाचटणी

स्नॅपला सगळे एवढ्या शिव्या का घालतात? उबुंटूच्या ॲप सेंटरमध्ये स्टीम शोधलं की तेच पहिलं येतं की ओ.

टर्मिनल_अण्णा

तेच तर दुखणं. स्नॅप सरसकट वाईट नाही, सर्व्हरवर चांगलं चालतं. पण स्टीमचं स्नॅप ग्राफिक्सच्या लायब्रऱ्या यजमानाच्या न घेता दुसऱ्या स्नॅपमधून घेतं, वर बंदिस्तपणा वेगळा. जानेवारी २०२४ मध्ये वाल्व्हच्याच एका डेव्हलपरने उघडपणे सांगितलं की स्नॅपवाल्यांच्या तक्रारी फार येतात, त्यापेक्षा डेब घ्या नाहीतर फ्लॅटपॅक. बनवणाराच असं म्हणतो म्हटल्यावर आपण वकिली का करायची? शिवाय स्नॅप दिवसातून चारदा अपडेट तपासतं, १० मशिन आणि एक लाइन म्हटल्यावर ते नकोच. मिंटने २० व्या आवृत्तीपासून (२०२०) स्नॅपडी (स्नॅप चालवणारी सेवा) अडवूनच ठेवलंय, त्यामुळे जुळे सोलापूरकरांना हा प्रश्न पडणारच नाही.

अक्कांचा लाइटचा मुद्दा शंभर टक्के. तरी कट्ट्यावर सहा मशिन एनव्हिडियाची आहेत. तिथे ड्रायव्हर-जुळणीची कटकट सहापट होते, म्हणून स्टीम डेबच. इंटेलवाल्या चार मशिनवर फ्लॅटपॅक चालेल, पण दहा मशिनला दोन पद्धती ठेवल्या की सांभाळणारा वैतागतो.

डेबमध्येही दोन वाटा आहेत: रेपोतलं स्टीम-इन्स्टॉलर आणि वाल्व्हच्या साइटवरचं. कोणतंही एक घ्या, दोन्ही नको. रेपोतलं क्लायंटचं फोल्डर वेगळ्या ठिकाणी ठेवतं (.स्टीम मध्ये डेबियन-इन्स्टॉलेशन नावाने), त्यामुळे इंटरनेटवर वाचलेले पाथ जुळत नाहीत. ~/.स्टीम/रूट हा शॉर्टकट दोन्हींत बरोबर जागी नेतो, तोच वापरा.

३२ बिटच्या लायब्रऱ्या लागतात. आधी सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६, मग सुडो ॲप्ट अपडेट, मग इन्स्टॉल. आणि ॲप्ट ‘हे काढून टाकणार’ अशी यादी दाखवतं ती वाचा. २०२१ मध्ये पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम टाकताना पॅकेजच्या गोंधळात अख्खा डेस्कटॉपच उडाल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. ॲप्टने आधी इशारा दिला होता.

जुळे_सोलापूरकर

जीटी ७१० काढतोय. अजून एक: विंडोजवर उतरवलेले गेम असलेली १ टीबीची एनटीएफएस हार्डडिस्क आहे. ती तशीच लावून चालेल का? पुन्हा डाउनलोड नको वाटतं.

टर्मिनल_अण्णा

वाचायला लावा, चालवायला नको. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कम्पॅटडेटा फोल्डरमध्ये खोटी सी ड्राइव्ह बनवतं, तिच्यात ‘सी:’ नावाची लिंक असते. नावातला तो विसर्ग-चिन्हासारखा कोलन विंडोजच्या एनटीएफएसमध्ये चालत नाही. त्यामुळे गेम सुरू होत नाही, किंवा होतो आणि नंतर विंडोजमध्ये डिस्क तपासली की फाइल खराब दाखवते. वर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद न करता डिस्क काढली असेल, तर लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती जोडतं आणि स्टीम म्हणतं ‘डिस्क राइट एरर’. एक्सफॅट तर नकोच, त्यावर लिंकच बनत नाही.

सरळ उपाय: एसएसडीवर ईएक्सटी४ (एनटीएफएससारखीच, पण लिनक्सची फाइल-मांडणी) ठेवा, स्टीमॲप्स/कॉमन मधलं गेमचं फोल्डर तिथल्या त्याच जागी कॉपी करा, मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. आधीच्या फाइल तपासून तो फरकच उतरवतो. काउंटर स्ट्राइकसारख्या थेट लिनक्सवर चालणाऱ्या गेमच्या काही फाइल वेगळ्या असतात, तेवढ्या येतीलच.

केबलवाला_सातरस्ता

नेटवर्कचं मी सांगतो. ३० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर पूर्ण वेगात ४० मिनिटं. दहा मशिनला वेगवेगळा उतरवला तर पावणेसात तास, तेही लाइनने साथ दिली तर.

स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्सखाली ‘लोकल नेटवर्कवरून गेम फाइल पाठवा’ आहे. एका मशिनवर उतरवा, बाकीची त्याच्याकडून घेतील. अकाउंट वेगळी असतील तर पाठवणाऱ्या मशिनवर परवानगी ‘कुणालाही’ करा. दोन्हीकडे स्टीम उघडं हवं आणि पाठवणाऱ्यावर त्या वेळी कुणी खेळत नसावं. स्विच गिगाबिटचाच घ्या, वायर कॅट ५ई किंवा ६. जुना १०/१०० चा स्विच लावलात तर सगळी मेहनत पाण्यात, वेग तोच राहतो.

मिंटच्या अपडेटसाठी एका मशिनवर ॲप्ट-कॅशर-एनजी (एकदा उतरलेली पॅकेज साठवून बाकीच्यांना देणारं) टाका, पोर्ट ३१४२. बाकीच्या नऊवर /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी मध्ये एका ओळीची प्रॉक्सी फाइल. एचटीटीपीचे रेपो त्यातून जातात, एचटीटीपीएसचे नाही, एवढं लक्षात ठेवा.

फ्लॅटपॅकसाठी पेनड्राइव्ह: आधी फ्लॅटपॅक रिमोट-मॉडिफाय --कलेक्शन-आयडी=ऑर्ग.फ्लॅटहब.स्टेबल फ्लॅटहब, मग फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी, पुढे पेनड्राइव्हचा पाथ आणि ॲपचा आयडी. पेनड्राइव्ह ईएक्सटी४ केलेला असला की फॅटच्या मर्यादा आडव्या येत नाहीत.

पूर्वभाग_पीसी

अजून दोन-तीन फुटकळ, पण नंतर डोकेदुखी होणाऱ्या.

प्रत्येक मशिनवर लिनक्सचा युजर एकच ठेवा. दोन युजरना एकच गेम लायब्ररी वाटून दिली की वाइन सरळ नकार देतं, ‘हे प्रीफिक्स (गेमची ती खोटी सी ड्राइव्ह) तुमच्या मालकीचं नाही’ म्हणून. स्टीमची अकाउंट वेगवेगळी चालतील. आणि धंद्याच्या जागेसाठी वाल्व्हचा पीसी कॅफे परवाना वेगळा असतो. घरच्या अकाउंटवर तासाने पैसे घेणं नियमात बसत नाही, ते आधी बघून घ्या.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, खोलीत दहा मशिन. फ्रेमवर टोपी घाला (सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला मर्यादा): सुडो ॲप्ट इन्स्टॉल मँगोहड गेममोड, मँगोहडच्या कॉन्फ फाइलमध्ये एफपीएस_लिमिट=६०, आणि गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये ‘गेममोडरन मँगोहड %कमांड%’. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १२० फ्रेम काढून नुसती खोली तापते. तापमान एनव्हिडिया-एसएमआय मध्ये दिसतं. शेजारी यंत्रमाग असेल तर कापसाची तूस हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते, वरून दिसतही नाही. पंखा सोडवून आतल्या बाजूने बघावं लागतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं.

८ जीबी रॅमवरच राहणार असाल तर झेडरॅम-टूल्स (रॅममधलाच डेटा दाबून जागा करणारं) टाका, /ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप मध्ये अल्गो=झेडएसटीडी, पर्सेंट=५०.

शेंगाचटणी

गेम चालतो पण मधल्या व्हिडिओच्या जागी टीव्हीसारखे रंगीत पट्टे येतात. हे ड्रायव्हरचं का?

सँडबॉक्स_अक्का

नाही, व्हिडिओच्या कोडेकचं. मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटमधले व्हिडिओ प्रोटॉन थेट दाखवत नाही. वाल्व्ह ते बदलून शेडर प्री-कॅशिंगबरोबर (गेमचा ग्राफिक्स डेटा आधीच उतरवायची स्टीमची सोय) पाठवते. डेटा वाचवायला कुणीतरी ते प्री-कॅशिंग बंद केलं असेल, चालू करून बघा. तरी पट्टे आले तर प्रोटॉन-जीई (समुदायाने बांधलेलं प्रोटॉन). प्रोटॉनअप-क्यूटी फ्लॅटहबवर आहे, त्यातून टाका, स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली निवडा. सगळ्या गेमना सरसकट जीई लावू नका. ज्याला गरज आहे त्यालाच.

जुळे_सोलापूरकर

पहिल्या १०५० टीआय मशिनवर ५८० टाकला. रीस्टार्टला निळी स्क्रीन आली, कंटिन्यू बूट केलं. आता रिझोल्यूशन फाटलंय आणि एनव्हिडिया-एसएमआय म्हणतं ड्रायव्हरशी बोलता येत नाही.

टर्मिनल_अण्णा

ती मॉकची (मशिन-मालकाची चावी नोंदवायची) स्क्रीन होती. सिक्युअर बूट चालू आहे, म्हणून ड्रायव्हरच्या सहीची चावी फर्मवेअरला दाखवावी लागते. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून, इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाकायचा होता. ती स्क्रीन एकदाच येते. पुन्हा आणायला सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/मॉक.डीईआर, नवा पासवर्ड, रीस्टार्ट, एनरोल मॉक, कंटिन्यू, येस. दहा मशिनवर हे नको असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, तुम्हाला फक्त लिनक्सच चालवायचंय. इंटेलवाल्या चार मशिनला यातलं काहीच लागणार नाही, ती आधी उरकून घ्या.